एक, तीन, चार, दोन

वैशाख लागला की मला भज्यांचा वास येतो. घरात भजी तळलेली असोत वा नसोत. दुपारी दोनचं ऊन असतं, लांब कुठंतरी लग्नाचा बँड एकच गाणं तिसऱ्यांदा वाजवत असतो, आणि माझ्या नाकात तापलेलं शेंगदाणा तेल शिरतं. बायको म्हणते, "नाकाच्या डॉक्टरला दाखवा एकदा." मी म्हणतो, "नाकाचा आजार नाही तो." मग कशाचा आहे, हे मात्र मी तिला तीस वर्षांत सांगितलेलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत माणूस जगत राहतो, आणि एके दिवशी कुणीतरी पाना घेऊन ती मूठ खोलतं.

यंदा ती नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत खोलली गेली. सलीमभाईच्या वर्कशॉपमध्ये, सकाळी अकराच्या सुमाराला, माझ्या हातात चहा असताना.

गाडी आमच्या तात्यांची. तात्या म्हणजे माझे वडील. राहात्यात बाजारतळाच्या मागं त्यांचं गॅरेज होतं आणि आसपासच्या दहा गावांत 'मिस्त्री' म्हटलं की तेच. ही गाडी त्यांनी साखर कारखान्याच्या लिलावात घेतली. काळा रंग, गोल दिवे, फुगीर पाठ, आणि बॉनेटखाली चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. आमच्या वस्तीतली पहिली चारचाकी. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढं तीच असायची, बॉनेटवर फोटो, दोन्ही बाजूंना निळे झेंडे, आणि स्टिअरिंगवर इस्त्रीचा सदरा घातलेले तात्या. मिरवणूक झाली की लगेच लग्नसराई. घोड्यावर बसायला घाबरणाऱ्या नवरदेवांची आपल्याकडं काही कमी नाही, त्यामुळं वैशाखभर गाडीच्या सुपाऱ्या लागलेल्या असायच्या.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजेल. माझ्या आणि तात्यांच्या मध्ये तीस वर्षं एक किल्ली होती. मी बावीस वर्षांचा असताना, एका लग्नसराईत त्यांनी पहिल्यांदा गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. "यंदाचा हंगाम तुझा," म्हणाले. आणि भर हंगामात, मी आठ दिवस परीक्षेला नगरला गेलो असताना, ती किल्ली परत आपल्या खिशात घातली. राहिलेल्या सगळ्या सुपाऱ्या मोडल्या. कारण? काही नाही. "न्हाई जायचं म्हंजी न्हाई जायचं." मी भांडभांड भांडलो. "तुमचा जीव गाडीवर आहे, पोरावर नाही," असंही बोललो. मग बी.एड. पूर्ण केलं, गावातल्याच हायस्कुलात विज्ञानाचा मास्तर झालो आणि गॅरेजच्या कामाला पुन्हा हात लावला नाही. बोलणं बंद झालं नाही आमचं. औषधं, पाऊसपाणी, लाईटबिल, सगळं बोलायचो. पण चार पाहुणे जमले की माझी जीभ वळवळायचीच. "आमचे तात्या काय, किल्ली देतील हो, पण हंगाम संपल्यावर!" सगळे हसायचे. तात्याही हसायचे, खाली बघून.

यंदा मार्चअखेर गाडी फार धूर ओकायला लागली. नव्या पेट्रोलात इथेनॉल असतं, आणि ते आपल्याच उसाचं असलं तरी तिच्या जुन्या रबरी नळ्यांना काही मानवत नाही. नळ्या बदलल्या, तरी धूर काही कमी होईना. "एकदा इंजिन खोलू या," म्हटलं की तात्या पिसाळायचे. इंजिनाच्या डोक्यावरचं टॅपेटचं झाकणसुद्धा त्यांनी कधी कुणाला उघडू दिलं नव्हतं. चौऱ्याऐंशी वय, कानानं जवळजवळ बहिरे, तरी त्या एका बाबतीत आवाज असा चढायचा की बस्स. म्हणून मी डाव साधला. ते आठ दिवस माझ्या बहिणीकडं शिर्डीला गेले, आणि मी टेम्पोत घालून गाडी नागापूरला नेली. म्हटलं, येतील तेव्हा इंजिन नव्यासारखं करून दाखवू. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सलीमभाई तात्यांचाच चेला. तरुणपणी पाच वर्षं आमच्या गॅरेजात होता, मग नागापुरात स्वतःचं वर्कशॉप टाकलं. त्यानं आधी एकेका प्लगच्या भोकाला दाब मोजायचं मीटर लावून बघितलं. पहिला ठीक, दुसरा ठीक, तिसरा जरा कमी. चौथ्याला काटा हललाच नाही.

"व्हॉल जळाला आसंल," तो म्हणाला आणि टॅपेटचं झाकण काढलं. "सर, चौथ्याचे दोन्ही पुशरॉड न्हाईत."

"नाहीत म्हणजे? पडले कुठं?"

"पडायला ते काय खिशातले पैसे हायेत? कुनीतरी काढल्यात." व्हॉल म्हणजे व्हॉल्व्ह; ते उघडणाऱ्या त्या दोन सळया. त्या नसतील तर व्हॉल उघडणारच नाहीत. सिलिंडर नुसता मिटून बसणार. सलीमभाईनं अर्ध्या तासात इंजिनाचं वरचं हेड खोललं, उचललं, बाजूला ठेवलं, आणि आत वाकून बघतच राहिला. "सर, चहा खाली ठिवा."

"का?"

"ठिवा म्हनतो ना."

मी वाकलो. तीन पिस्टन, काळेकुट्ट, कार्बनची खरपुडी धरलेले. आणि चौथ्या जागी भोक. नुसतं भोक! त्यातून थेट खाली क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, दिसत होता, आणि जिथं चौथ्या पिस्टनचा रॉड बसायचा तिथं चामड्याची पट्टी गुंडाळून वरून क्लिप आवळलेली होती.

तीन! अहो, तीन! मी तिथल्याच एका टायरवर बसलो. एकोणतीस वर्षं मी नववीच्या पोरांना आमच्या दारात, कडुनिंबाखाली आणून ही गाडी दाखवली आहे. बॉनेट उघडायचं, छडीनं एकेक दाखवायचं. आत घे, दाब, पेटव, बाहेर टाक, हे चार टप्पे पाठ करून घ्यायचे. मग विचारायचं, "मोजा रे, सिलिंडर किती?" चाळीस पोरं एका सुरात: "चार, सर!" शाब्बास. निम्म्या तालुक्याला मी खोटं शिकवलंय. आता त्यातले दोघे इंजिनिअर आहेत, देवा!

आणि प्लग? गॅरेज सोडलं तरी दरवर्षी या गाडीचे चार प्लग मी स्वतः बदलायचो. तेवढं करू द्यायचे तात्या. चौथा प्लग नेहमी तेलानं ओलाकच्च निघायचा. मी म्हणायचो, "हा जळत का नाही नीट?" तात्या म्हणायचे, "चौथा आसाच हाय. त्याच्या नादी लागू नगंस." ज्याला पिस्टनच नाही त्याच्या डोक्यावर मी दरवर्षी कोराकरकरीत प्लग बसवत होतो, आणि तो बिचारा रिकाम्या खोलीत ठिणग्या पाडत होता. मास्तर म्हणे विज्ञानाचा!

पाढ्यांच्या आधी तात्यांनी मला शिकवलं होतं ते 'एक, तीन, चार, दोन'. चार सिलिंडर ओळीनं पेटत नाहीत. आधी पहिला, मग तिसरा, मग चौथा, मग दुसरा. का, असं विचारलं तर म्हणायचे, "एकाच अंगानं ढकलत गेलं तर मानूसबी पडतो. क्रँकला दोन्हीकडनं सांभाळून घ्यावं लागतं." ते इंजिन ऐकायचे. तपकिरीपायी नाक केव्हाच कामातून गेलेलं. पेट्रोल गळतंय की रॉकेल, हे वासावरून त्यांना सांगता यायचं नाही. पण कान? गाडी बाजारतळाच्या वळणावर असताना हे आतून ओरडायचे, "तिसऱ्याचं टॅपेट सैल झालंय त्याचं." रविवारी सकाळी इंजिन गार असताना ते टॅपेट बसवायला घ्यायचे. पोलादाची पातळ पट्टी फटीत सरकवायची, ती अडकून अडकून निघाली की बरोबर. डोळे मिटून करायचे. आई म्हणायची, "पूजा चाललीय यांची."

आणि त्या उन्हाळ्यापासून गाडीचा ताल बदलला होता. तीन ठोके, मधे एक खड्डा. गल्लीतली पोरं तिच्यामागं लंगडी घालत पळायची. मी समजलो, वय झालं तिचं. एक, तीन, गप्प, दोन. तीस वर्षं ते माझ्या कानांवर पडत होतं, आणि मला ऐकू आलं नाही.

"ही चामड्याची पट्टी कशाला?" मी सलीमभाईला विचारलं.

"क्रँकला तिथं ऑईल यायचं भोक असतं. रॉड काढला आन् भोक उघडं ठिवलं, तर सगळं ऑईल तिथनंच सांडून जाणार. मंग बाकीची तीन बी जळणार. म्हनून ते बुजवलंय. जुनी युक्ती हाय. फक्त उस्तादलाच जमावी आशी." त्यानं टॉर्च मारला. चामड्यावर ओळीनं भोकं होती. कमरेच्या पट्ट्याची भोकं. मला एकदम आठवलं, त्या उन्हाळ्यात तात्या पँटीला सुतळी बांधून हिंडत होते आणि आई सगळ्यांदेखत त्यांची थट्टा करत होती.

सलीमभाईनं मग खालचं ऑईल चेंबर उतरवलं आणि आतून बोट फिरवलं. तपकिरी, चिकट, वाळलेला थर. लग्नघरच्या कढईला बाहेरून बसतो ना, तसा. "हे काय हाय?" तो म्हणाला. "इंजिनात आसलं कधी बघितलं न्हाई मी."

मी बघितलं होतं. मी ओळखलं.

पाथर्डीच्या अलीकडच्या एका गावात लग्न होतं ते. नवरदेव आमच्या राहात्याच्या शेजारचा. वऱ्हाड ट्रकमधून पुढं गेलेलं, आणि गाडीत मागं नवरदेव, त्याची करवली, आणि स्टिअरिंगवर मी, बावीस वर्षांचा, गॉगल लावून. ऊन असं की इंजिनाला लागून असलेल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं गुंडाळावं लागायचं, नाहीतर पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडायची. दर दहा मैलांवर थांबून मी ते फडकं भिजवत होतो. करंजीचा घाट उतरलो. गावाच्या शिवेवर पोचलो तेव्हा रेडिएटर वाफा सोडत होता. मी बॉनेट उघडून ठेवलं. मुलीकडच्यांनी मला मानानं लिंबाखाली नेलं, सरबत दिलं. तिथं एक पोरगी सरबत वाटत होती. जाऊ द्या, तेही एक कारण होतंच.

इकडं काय झालं ते मला मागाहून कळलं. नवरीची आत्या पुढं झाली. हातात पाण्यानं भरलेली कळशी. "नवरदेवाच्या घोड्याला शिवंवर पानी पाजायची रीत हाय आमच्यात," ती म्हणाली. "घोडं न्हाई तर काय झालं? ज्याच्यावर बसून आला, त्यो त्याचा घोडा." कुणी हसलं, कुणी म्हणालं बरोबर आहे. नवरीचा मामा म्हणाला, "थांबा, मला कळतं इंजिनातलं." त्याच्या विहिरीवर डिझेल इंजिन होतं आणि त्याला वरून पाणी घालायचे. रेडिएटरचं झाकण हाताला चटके देत होतं. म्हणून त्यानं आमच्या इंजिनाचं सगळ्यात वरचं झाकण उघडलं. ऑईल घालायचं! आणि आत्यानं अख्खी कळशी त्यात ओतली. वर हळदकुंकूही वाहिलं.

मी परत आलो तर मामा मिशीला पीळ देत उभा. "पाजलं पानी. गटागटा पेलं बगा तुमचं घोडं." मीही हसलो. मग रेडिएटर उघडून बघितला तर तो कोरडा. त्यात बादलीभर पाणी मावलं. मग कळशीभर पाणी गेलं कुठं, हा प्रश्न मला पडला. पडला होता, हे मला कबूल करायला हवं. पण बँड सुरू झालेला, नवरदेव मागं घामाघूम, आणि ती सरबतवाली बघतेय. मी विचारलं नाही. चावी फिरवली आणि वाजतगाजत मांडवापर्यंत गेलो.

जेवणं झाल्यावर सहज ऑईलची काठी ओढून बघितली. काठीवर ताक! पांढरट, फेसाळ, ताकासारखं. खाली झोपून चेंबरचा बोल्ट काढला, सगळं वाहून जाऊ दिलं. आता आत घालायला ऑईल कुठाय? मामाच्या विहिरीवरच्या ऑईलच्या डब्यात तळाला वाटीभर. पाथर्डीला जायला वाहन नाही, वेळही नाही. पाचला नवरी निघणार. तात्यांना निरोप धाडणं शक्य होतं, गावात एक फोन होता. पण काय सांगणार? पहिल्याच हंगामात तुमच्या इंजिनात पाणी घातलं म्हणून? मी तिथून उठलो आणि मांडवामागच्या चुलवणापाशी गेलो. आचारी शेंगदाणा तेलाचा डबा घेऊन बसला होता.

"आरं, चार घानं निघत्यात ह्यात भज्यांचं," आचारी म्हणाला. "गाडीला भजी घालतो का काय?"

"काका, पाया पडतो. पण कुणाला बोलू नका."

चार लिटर गोडेतेल गाळून गाडीत घातलं आणि नवरा-नवरीला घेऊन निघालो. सव्वाशे किलोमीटर. नगर ओलांडेपर्यंत इंजिन असं तापलं की सगळी गाडी घमघमायला लागली. नवरी दिवसभर एक शब्द बोलली नव्हती. राहुरीच्या पुढं तिनं पदराआडून नवऱ्याला विचारलं, "भज्यांचा वास कुठून येतोय हो?" लग्नानंतरचं तिचं पहिलं वाक्य ते.

गाडी घरी पोचली. कुठं थांबली नाही, कुरकुरली नाही. दुसऱ्या दिवशी तात्या उठायच्या आत मी तेल काढलं, चांगलं ऑईल भरलं, आणि सुटलो म्हणालो. काही झालं नव्हतं! तिसऱ्या दिवशी परीक्षेला नगरला गेलो. तीस वर्षं मी मनात हेच म्हणत आलो, की काही झालं नाही. काय दणकट इंजिन, गोडेतेलावर आलं पण काही झालं नाही.

आणि इथं नागापुरात ते झालेलं माझ्यासमोर उघडं पडलं होतं. तेल चिकटून ऑईलच्या बारीक वाटा बुजल्या असणार, आणि शेवटच्या चौथ्याला ऑईल पोचलं नसणार. बेअरिंग गेलं. तात्यांनी गुपचूप रॉड काढला, पट्टा कापून भोक बुजवलं, आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. माझं पाप पोटात घातलं त्यांनी! परत येताना बसमध्ये माझ्या डोळ्यांचं पाणी थांबेना. शेजारच्यानं विचारलंही, कुणी गेलं का. इतका मोठा माणूस, आणि मी त्याला पाहुण्यांत टोमणे मारत होतो. पण खोटं कशाला बोलू, त्या रडण्यात थोडं सुखही होतं. क्षमा आधीच झालेली होती ना. आता फक्त पाया पडायचं बाकी होतं.

घरी आलो तर तात्या शेडच्या दारात बसलेले. बहिणीनं दुपारीच आणून सोडलं होतं. मोकळ्या शेडकडं बघत बसले होते.

"गाडी कुठं हाय?"

"नागापूरला," मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. "सलीमनं खोलली."

त्यांचा चेहरा असा उतरला की मी दचकलो. मग म्हणाले, "म्हंजी कळलं तुला."

"कळलं, तात्या."

ते उठले, भिंतीला धरत धरत आत गेले. पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली, एक फडक्याचं गाठोडं काढलं आणि माझ्या पुढ्यात सोडलं. कनेक्टिंग रॉड, पिस्टन, बेअरिंगच्या दोन चंद्रकोरी वाट्या, दोन बोल्ट. सगळं स्वच्छ पुसलेलं, तेल लावून ठेवलेलं. तीस वर्षं!

"त्या सालच्या हिवाळ्यात मीच बसवली हुती ही बेअरिंगं," तात्या म्हणाले. "चारी. ह्या हातानं. बोल्ट मी आवळला. तू परीक्षेला गेलास, आन् मी शिर्डीला चाललो हुतो, तवा ठोका आला. खोलून बगितलं तर चौथं खल्लास." त्यांनी बोल्ट उचलला, डोळ्यांजवळ नेला. "कितीदा बगितलं हे. वर्सातनं दोनदा-तीनदा काढतो. आटा बगतो, वाटी बगतो. कुठं चुकलो, कळंना."

मला काही उमजेना. म्हणजे? "तात्या, तुम्ही कुठं चुकलात?"

त्यांना ऐकू आलं नसावं. "तू परत आल्यावर दोन दिसांनी तुझी दुसरी सुपारी हुती. करंजीच्या घाटातनं. तितं रॉड तुटला आसता तर? तू, नवरा, नवरी..." त्यांनी बोल्ट मुठीत आवळला. "माझ्या हातानं मेला आसतास तू. म्हनून किल्ली घेतली. सांगू कसं तुला? मिस्त्री म्हनत्यात मला समदे. आन् माझ्या हाताचा भरवसा मलाच राह्यला न्हाई."

मी खाली बसलो. त्या उन्हाळ्यानंतर तात्यांनी कुणाचं इंजिन खोललं नव्हतं, हे मला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. पंक्चर काढायचे, प्लग साफ करायचे, फार तर कार्ब्युरेटर धुऊन द्यायचे. मोठं काम आलं की "नागापूरला सलीमकडं ने." लोक म्हणाले मिस्त्रीची नजर गेली. मी म्हणालो, आळस. दहा गावांचा मिस्त्री पन्नाशीतच पंक्चरवाला होऊन बसला, आणि मी घरात बसून त्याला आळशी म्हणत होतो! त्यांनी माझं पाप पोटात घातलं नव्हतं. नाक गेलेल्या माणसाला त्या तेलाचा वास आलाच नव्हता; ते पाप माझं आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. ते त्यांनी स्वतःचं समजून वागवलं होतं.

अजूनही गप्प बसता आलं असतं. खोटं नाही सांगत, तो विचार येऊन गेला. चौऱ्याऐंशी वय आहे, आता कशाला. चोराला वाटा शंभर दिसतात. पण तो बोल्ट त्यांच्या बोटांत फिरत होता.

"तात्या," मी म्हणालो, "तेल मी घातलं होतं."

"काय?"

"तेल! गोडेतेल!"

"कशाचं?"

"इंजिनात! शेंगदाण्याचं! पाथर्डीच्या लग्नात! आधी पाणी गेलं होतं आत, मग मी गोडेतेल घातलं! माझ्यामुळं गेलं बेअरिंग! तुमच्यामुळं नाही!" मी गळा फाटेस्तोवर ओरडत होतो. शेजारचे दारात आले. बायको हातात लाटणं घेऊन उभी. हेडमास्तर व्हायला निघालेला माणूस बापाच्या कानात गोडेतेल, गोडेतेल म्हणून ओरडतोय. वाटलं, आता मुस्काटात बसेल. बसावी, असंही वाटलं.

तात्यांनी बोल्ट खाली ठेवला. "किती घातलं?"

"चार लिटर."

"आन् तसाच आलास? राहात्यापत्तूर?"

"सव्वाशे किलोमीटर."

ते गणित करावं तसे थांबले. ओठ हलत होते. मग त्यांनी दोन्ही हात उताणे केले, पालथे केले, पुन्हा उताणे केले. "गोड्या तेलावर सव्वाशे किलोमीटर टिकलं," ते म्हणाले. "उन्हाळ्यात. घाट चढून." मग त्यांनी मान वर केली. "मंग माझा हात चुकला न्हवता, रं."

"नाही चुकला, तात्या."

"चुकला न्हवता. व्हय ना? तुझ्या आईला सांगायचं राह्यलं. ती जाताना म्हनली हुती, आता तरी सोडा ते गाठोडं."

आई जाऊन सहा वर्षं झाली. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तिथंच राहिलो. ते माझ्या पाठीवरून हात फिरवतील, असं वाटलं होतं. त्यांनी फिरवला नाही. ते आपल्या हातांकडंच बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा तात्या केव्हाचे ओट्यावर जाऊन बसलेले. अंगात इस्त्रीचा सदरा. दूधवाला आला, त्याला थांबवून सांगितलं, "माझं बेअरिंग बरूबर हुतं." त्या पोराला काय कळणार, तो मान डोलवून गेला. मग जुने एसटी ड्रायव्हर देशमुख फिरायला निघालेले दिसले. त्यांच्या गाडीचं इंजिन तात्यांनी त्या साली अर्ध्यात परत पाठवलं होतं. तात्यांनी त्यांना हाक मारून बोलावलं, शेजारी बसवलं.

"देशमुख, त्या वक्ताला आमच्या गाडीचं बेअरिंग गेलं हुतं. समदे म्हनायचे मिस्त्रीचा हात गेला. तर हात न्हवता गेला."

"आसं? मंग काय झालं हुतं, मिस्त्री?"

मी दारात दात घासत उभा होतो. तात्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं, नीट, डोळ्यांत डोळे घालून. मग देशमुखांकडं वळले.

"तेल भेसळीचं निघालं," ते म्हणाले. "दुकानदारानं फसवलं. पोरगं तवा लहान हुतं, त्याला काय कळनार."